दूध संकलन केंद्र, काटा, फॅट मशीन आणि ब्लॉकचेन : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काम काय आहे ते आधी नीट लिहून ठेवतो म्हणजे पुढे भरकटायला नको. गावातल्या दूध संकलन केंद्रावर दोन मशीन असतात, एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक फॅट मशीन, म्हणजे मिल्क अ‍ॅनालायझर. शेतकरी सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येतो, दूध काट्यावरच्या बादलीत ओततात, त्यातला थोडा नमुना फॅट मशीनच्या नळीखाली धरतात, थोड्या वेळात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दिसतं आणि या तीन आकड्यांवर त्या घराचं दहा दिवसांचं बिल निघतं. गायीच्या दुधाला ३.५ फॅट ८.५ एसएनएफ हा बेस, त्याखाली एकेक पॉइंट घसरला की दर कापत जातात. आता हे आकडे शेवटी राहतात कुठे, तर केंद्राच्या कॉम्प्युटरवर नाहीतर डेअरीच्या सर्व्हरवर, आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त थर्मलची पावती, ती पण काही महिन्यात पांढरी पडते. बिलावरून वाद झाला की याच्याकडे कोरा कागद आणि समोरचा म्हणतो सिस्टीमला हेच दिसतंय.

आपलं म्हणणं एवढंच की आकडा मशीनमधून निघतानाच त्याच्यावर मशीनची सही बसावी, तो लगेच शेतकऱ्याच्या हातात जावा, आणि त्यानंतर केंद्र, डेअरी किंवा आम्ही, कोणालाच तो गुपचूप बदलता येऊ नये. ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांच्या कॉम्प्युटरवर एकसारखी राहणारी आणि मागे जाऊन बदलता न येणारी नोंदवही, यातल्या फक्त शेवटच्या भागासाठी आहे. पहिले दोन भाग जमले नाहीत तर चेन कितीही भारी असली तरी काही उपयोग नाही, हे डोक्यात ठेवूनच सुरुवात करतोय.

८ जानेवारी

जोडणी. काट्याला आणि फॅट मशीनला दोन्हीकडे मागे आरएस-२३२ चं सिरीयल पोर्ट आहे, डिस्प्ले आणि प्रिंटर जोडायला दिलेलं. तिथून वायर घेऊन लेव्हल कन्व्हर्टरमधून ईएसपी३२ ला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या एका छोट्या बोर्डाला दिली. ईएसपी३२ ला तीन सिरीयल पोर्ट असतात, एक डीबगला ठेवला, एक काट्याला, एक फॅट मशीनला, आणि पावतीचा प्रिंटर ब्लूटूथवर. चारपाचशे रुपयांच्या बोर्डात एवढं बसतं हे खरंच कौतुकाचं आहे.

काट्याच्या आतून वायर घेतली असती तर रीडिंग आणखी स्वच्छ मिळालं असतं पण काट्याला वैधमापन खात्याचं सील असतं, दरवर्षी पडताळणी होते, ते सील तोडून काही करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. जे काही घ्यायचं ते बाहेरच्या पोर्टवरूनच.

काटा सतत आकडे ओकत असतो, बादली हलत असताना पण. म्हणून वजन तीन सेकंद जागेवर थांबलं तरच धरायचं. फॅट मशीन मात्र टेस्ट संपली की एकदाच ओळ पाठवतं. यात गंमत अशी की ४० नंबरच्या सभासदाची टेस्ट चालू असतानाच ४१ नंबरचं दूध काट्यावर आलेलं असतं, कारण मागे रांग लागलेली असते आणि टँकर वेळेवर जायचा असतो. त्यामुळे कोणतं वजन कोणत्या फॅटशी जोडायचं हा सगळ्यात मोठा प्रश्न निघाला. नमुन्याच्या बाटल्यांना नंबर टाकले, कीपॅडवर सभासद कोड दोन्ही वेळा दाबायचा, जुळला नाही तर रेकॉर्ड बनणारच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत होती तरी बसलो. आज सहीची चिप लावली. सही करायची किल्ली, म्हणजे जिच्याशिवाय सही बनत नाही तो गुप्त आकडा, ईएसपी३२ च्या मेमरीत ठेवायची नाही हे आधीपासून पक्कं होतं, कारण २०१९ मध्येच या चिपच्या जुन्या आवृत्त्यांचं सिक्युअर बूट (फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारं कुलूप) व्होल्टेजचा झटका देऊन फोडता येतं हे जगजाहीर झालंय, आणि आपलं मशीन तर चोवीस तास टेबलावर उघडं पडलेलं असणार. म्हणून एटीईसीसी६०८ नावाची छोटी सुरक्षा चिप घेतली, किल्ली तिच्या आतच जन्मते आणि बाहेर कधीच येत नाही, तुम्ही फक्त मजकूर द्यायचा आणि ती सही करून देते. आत एक काउंटर पण आहे जो फक्त पुढेच जातो, तो प्रत्येक रेकॉर्डला लावला. मधलं एखादं रेकॉर्ड कोणी उडवलं तर नंबरांत खड्डा दिसणार.

एक तांत्रिक गोष्ट जी बरेच जण विचारतात. ही चिप पी-२५६ या वक्रावर, म्हणजे सहीच्या एका ठरलेल्या गणिताने, सही करते आणि बिटकॉइन, इथेरियमचे व्यवहार वेगळ्या वक्रावर चालतात, त्यामुळे चिपची सही कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवरच चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तपासणं पूर्वी फार महाग जायचं. इथेरियमवर डिसेंबर २०२५ च्या फुसाका अपग्रेडपासून त्याची सोय झालीये. पण आपल्याला त्याची गरजच नाहीये, सही चेनवर तपासायची नाही, शेतकऱ्याच्या मोबाईलवर तपासायची आहे, आणि मोबाईलच्या ब्राउझरला पी-२५६ आपसूक कळतो, वेगळी लायब्ररी लागत नाही. शेतकऱ्याला कुठलंही अ‍ॅप टाकायला न लावणं हे माझ्या दृष्टीने चेनपेक्षा महत्त्वाचं आहे.

वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ, बटणसेलवर चालणारं, वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे, तेवढं चालतं.

२१ जानेवारी

कोणती चेन यावर आज खूप वेळ गेला. मित्राचं म्हणणं खासगी चेन करू, हायपरलेजर फॅब्रिक, डेअरीच्या सर्व्हरवर, ना गॅस (चेनवर लिहायची फी) ना टोकन. मी म्हटलं नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारे कॉम्प्युटर, कोण चालवणार? सगळे नोड डेअरीचे असतील तर तो डेअरीचाच डेटाबेस झाला, नाव फक्त ब्लॉकचेन. आणि वेगवेगळ्यांनी नोड चालवायचे तर गावचं केंद्र, तालुक्याचा संघ, शेतकऱ्यांची संघटना, या सगळ्यांकडे सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस पाहिजे, तो कुठून आणायचा. आयबीएम आणि मर्स्क एवढ्या मोठ्या कंपन्या, २०१८ मध्ये ट्रेडलेन्स आणलं, जगभरातले कंटेनर एका चेनवर, आणि नोव्हेंबर २०२२ ला बंद करतोय म्हणून सांगावं लागलं, कारण सगळा उद्योग एकत्र यायला तयार होईना. तंत्र चालत होतं, माणसं एकत्र आली नाहीत.

सार्वजनिक चेनवर प्रत्येक रीडिंग टाकायचं तर खर्च परवडत नाही आणि गरजही नाही. हे कोडं फार जुनं आहे आणि सुटलेलं आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ मध्येच कागदपत्रांवर वेळेचा शिक्का मारायची पद्धत मांडली आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा हॅश (मजकुरातून गणिताने निघणारा छोटा ठसा, मजकूर जरा बदलला तरी तो बदलतो) न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली, बिटकॉइन यायच्या कितीतरी आधी. म्हणजे हजारो कागद एका छोट्या आकड्यात बांधायचे आणि तो आकडा अशा ठिकाणी छापायचा जिथून तो कोणाला मागे घेता येणार नाही. आपण तेच करायचं. एका वेळेची सगळी रीडिंग मर्कल ट्रीमध्ये घालायची, म्हणजे दोन-दोन हॅशचा मिळून एक हॅश करत वर जाणारं झाड, आणि वरचा एकच ३२ बाइटचा रूट चेनवर. दिवसाला दोन वेळा, बस.

ठरलं असं: रोजचे दोन रूट पॉलिगॉन या सार्वजनिक चेनवर, कॉन्ट्रॅक्टमध्ये इव्हेंट (लॉगमधली नोंद) म्हणून, कारण नवीन स्टोरेज जागेला २०,००० च्या वर गॅस जातो आणि लॉगला हजाराच्या आसपास. आणि आठवड्याला एकदा सगळ्या रूटचा मिळून एक हॅश ओपनटाइमस्टॅम्प्स या वेळेचा शिक्का मारणाऱ्या सेवेतून बिटकॉइनवर, तो फुकट आहे, काही तास लागतात पण आठवड्याच्या कामाला काय घाई आहे. टेस्टनेट, म्हणजे सरावाची चेन, फक्त चाचणीपुरतं, पुरावा म्हणून नाही, कारण टेस्टनेट बंद होतात, रॉप्स्टेन गेलं, गोअर्ली गेलं, आणि शेतकऱ्याचा पुरावा त्यांच्याबरोबर जाऊन चालणार नाही.

केंद्राच्या सचिव काकांनी विचारलं की याला लय लाईट लागते ना, पेपरात वाचलंय. बिटकॉइनच्या मायनिंगला लागते हे खरंय. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ ला त्यातून बाहेर पडलं आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला, पॉलिगॉनपण मायनिंगवर नाही, स्टेकवर (तारण ठेवलेल्या पैशांवर) चालते. आणि बिटकॉइनवर आपला हॅश इतर असंख्य लोकांच्या हॅशबरोबर एकाच व्यवहारात जातो. त्यांना हे सगळं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

२९ जानेवारी

पावती. सभासद आहेत १८० च्या आसपास, म्हणजे झाड आठ पायऱ्यांचं, पुरावा म्हणजे आठ हॅश, २५६ बाइट. क्यूआरमध्ये आरामात बसतं, ५८ एमएमच्या प्रिंटरवर पण स्कॅन होतं, आज जुन्या मोबाईलवर करून बघितलं. अडचण दुसरीच आहे. शेतकरी दूध घालून निघतो तेव्हा झाड पूर्ण झालेलं नसतं, शेवटचा माणूस आल्यावर रूट बनतो. मग आठ हॅश देणार कधी? एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप सगळं बोलून झालं आणि शेवटी जे ठरलं ते फार साधं आहे, आजच्या पावतीवर आत्ताचं रेकॉर्ड आणि मशीनची सही, आणि त्याच पावतीवर खाली दुसऱ्या क्यूआरमध्ये मागच्या वेळचा पुरावा. दूध रोज दोनदा येतंच, त्यामुळे बारा तासांच्या आत पुरावा हातात. एखाद्याने मध्ये खाडा केला तर तो परत येईल तेव्हा छापायचा.

मीठ घालायचं विसरून चालणार नाही, मीठ म्हणजे प्रत्येक रेकॉर्डमध्ये १६ बाइटचा रँडम आकडा. का ते लिहून ठेवतो. मर्कल पुराव्यात तुमच्या शेजारच्या रेकॉर्डचा हॅश तुम्हाला मिळतो. आता दुधाचे आकडे किती प्रकारचे असणार, लिटर, फॅट, एसएनएफ, सगळी शक्य कॉम्बिनेशन लॅपटॉपवर काही वेळात फिरवून बघता येतात, आणि शेजाऱ्याचं दूध किती, फॅट किती, महिन्याला घरात किती पैसे येतात हे कळतं. गावात ही बारीक गोष्ट नाहीये. हॅश केलं म्हणजे गुपित राहिलं असं धरून चालणारे खूप जण आहेत. मीठ घातलं की अंदाज बांधायचा रस्ता बंद. नाव, बँक खातं, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर यातलं काहीच चेनवर जाणार नाही, हॅश करून पण नाही. वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी हेच केलं असतं.

७ फेब्रुवारी

केंद्रावर पहिला दिवस. पहाटे सव्वापाचला पोचलो तर थंडीत सात-आठ जण आधीच उभे, कॅनमधून वाफ येतीये. काका काट्याजवळ, त्यांचा मुलगा फॅट मशीनवर. प्रत्येक नमुन्यानंतर तो नळी पुसतो, नमुना धरतो, मशीन दूध ओढून घेतं तसा बारीक घर्र आवाज येतो, तोवर हा पुढच्याला कोड विचारतो. एक मावशी फार नीट बघत होत्या, त्यांना पावती दिली तर म्हणाल्या, "हे चौकोनी नक्षीचं काय करू बाबा, मला आकडा मोठा छापून दे." बरोबरच आहे. फॉन्ट मोठा केला, लिटर आणि फॅट सगळ्यात वर, क्यूआर खाली.

काकांच्या मनात एक शंका होती ती त्यांनी चहा पिताना बोलून दाखवली. "म्हणजे आमच्यावर चोरीचा आळ आणताय होय?" मी त्यांना विचारलं, काका, टँकरची फॅट वर डेअरीत कमी लागली की कपात कोणाच्या माथी येते? केंद्राच्याच. तेव्हा तुमच्याकडे काय पुरावा असतो? तर तोंडी. या रेकॉर्डमध्ये गावातून किती लिटर कोणत्या फॅटचं गेलं ते मशीनच्या सहीने राहतं, ते तुमच्या पण कामाचं आहे. ते लगेच काही बोलले नाहीत पण संध्याकाळी स्वतः प्लग लावून मशीन चालू करून ठेवलं होतं.

मशीनची सार्वजनिक किल्ली, म्हणजे जिने सही तपासता येते ती उघडी जोडकिल्ली, त्याच संध्याकाळी दहा-बारा सभासदांसमोर नोंदवली, स्टिकर मशीनवर चिकटवला, एक प्रिंट नोटीस बोर्डावर. उद्या कोणी मशीन बदललं आणि किल्ली जुळली नाही तर पावतीच्या पेजवर, म्हणजे क्यूआर स्कॅन केल्यावर मोबाईलवर उघडणाऱ्या पेजवर, लाल दिसणार.

१३ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी आहे कारण प्रकल्पाचं खरं दुखणं इथं आहे.

सही, चेन, झाड सगळं व्यवस्थित चालतंय. पण फॅट मशीनच्या मेन्यूत जाऊन फॅटला ०.१ वर-खाली करायची सोय असते, कॅलिब्रेशनसाठी ती लागतेच, आणि हे सेटिंग बदललं की सिरीयल पोर्टवर त्याचा मागमूस येत नाही. आपली चिप इमानदारीने त्या आकड्यावर सही करणार, आणि तो कायमचा चेनवर जाणार. काट्याचंही तसंच. काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल आणि वरचं सोडून देत असेल तर एका वेळेला सरासरी ५० ग्रॅम जातं, दिवसाला १००, महिन्याला एका घराचं जवळपास तीन लिटर. शिवाय काटा तोलतो किलो आणि बिल होतं लिटरमध्ये, एक लिटर दूध म्हणजे साधारण १.०३ किलो, तो भागाकार कोणत्या आकड्याने केला हे पावतीवर कधी दिसत नाही. ते मात्र आपल्या हातात आहे, आजपासून कच्चं किलो आणि भागायचा आकडा दोन्ही रेकॉर्डमध्ये.

फॅटचं काय करायचं? मित्र म्हणाला दुसरं मशीन लावू. दोन्ही मशीन एकच माणूस सेट करणार मग काय फायदा. शेवटी जुनी गर्बर टेस्टच कामाला आली. रांगेतला कुठला नमुना घ्यायचा ते काका ठरवणार नाहीत, आम्ही ठरवणार नाही, चिप रँडम नंबर काढते आणि त्या सभासदाच्या पावतीवर चांदणी छापून येते. त्याच्या नमुन्याच्या दोन बाटल्या भरायच्या, एक मशीनला, एक सीलबंद तालुक्याच्या लॅबला. तिथं आज उभा राहून बघितलं. ब्युटायरोमीटरच्या काचेच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवलं की नळी हातात धरवत नाही इतकी तापते, दूध चॉकलेटी काळं पडतं, मग सेंट्रीफ्यूज, मग ६५ डिग्रीच्या पाण्यात, आणि मानेजवळ पिवळी फॅटची पट्टी उभी राहते, ती डोळ्यासमोर धरून वाचायची. यात कोणताही मेन्यू नाही, सेटिंग नाही. मशीनचं रीडिंग आधीच चेनवर बांधलेलं असतं, त्यामुळे लॅबचा आकडा आल्यावर मागे जाऊन जुळवून घेता येत नाही. मला वाटतं ब्लॉकचेनचा इथला खरा उपयोग हाच आहे, आधी बोलून मोकळं व्हायचं आणि मग तपासायचं.

लॅबचा निकालपण त्याच पद्धतीने रूटमध्ये. तफावत ०.१ च्या वर गेली की नोटीस बोर्डावर लागणार.

२० फेब्रुवारी

पहिल्या तीन चांदण्यांचे निकाल आले, तफावत मर्यादेत. काकांचा मुलगा खूश आहे, त्याला आता मशीन धुवायचं वेळापत्रक पण रेकॉर्डमध्ये हवंय, कारण नळीत जुनं दूध साचलं की रीडिंग हलतं हे तो रोज बघतो. चांगली सूचना आहे, घेतली.

न्यूयॉर्क टाइम्सवाली गोष्ट त्यालाच सांगत होतो तर तो म्हणाला मग आपला फळा आहे की. केंद्राबाहेर दराचा फळा असतो, आजचा दर, सूचना वगैरे. त्यावर रोज सकाळी काल संध्याकाळच्या रूटची सुरुवातीची अक्षरं खडूने लिहायची, येणारा-जाणारा फोटो काढू शकतो, पावतीच्या पेजवर तीच अक्षरं दिसली पाहिजेत. आठ अक्षरं पुरतील का यावर बराच वाद झाला, आठ म्हणजे फक्त ३२ बिट, मीठ बदलत बदलत कोणीही लॅपटॉपवर तशाच सुरुवातीचा खोटा रूट शोधू शकतो. सोळा अक्षरं ठरली, चार-चारच्या गटात. चेनवर पूर्ण रूट आहेच, पण ज्याच्याकडे नेट नाही त्याला पण दिसेल अशी एक जागा गावात असणं मला फार मोलाचं वाटतं.

२ मार्च

लाईट गेली, चार तास. यूपीएसवर केंद्र चाललं, आपलं बोर्ड पण, नेट मात्र टॉवरबरोबर गेलं. रेकॉर्ड एसडी कार्डवर साठत गेली, प्रत्येक रेकॉर्डमध्ये आधीच्याचा हॅश असतोच, त्यामुळे साखळी तुटली नाही. रूट उशिरा गेला, पेजवर "उशिरा" असं पिवळं दाखवलं. उशीर किती चालेल याची मर्यादा पुढच्या वेळेच्या पहिल्या पावतीपर्यंत ठेवली, त्यापलीकडे गेलं तर बोर्डावर कारण लिहायचं.

बोर्डावर बाहेरून आत यायला एकही पोर्ट उघडं नाही, फक्त बाहेर पाठवतं. २०१६ ला मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर गोळा करून अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या वेबसाइट आडव्या पाडल्या होत्या, दुधाच्या केंद्रावरचं मशीन त्या यादीत जायला नको.

१२ मार्च

पहिली तक्रार आली. एका भाऊंची फॅट चार दिवसांत ३.९ वरून ३.४ वर आली, ते पावत्या घेऊन आले. पेजवर सगळ्या हिरव्या, सही बरोबर, रूट बरोबर, मशीनची गर्बरशी तफावत पण मर्यादेत. म्हणजे आकडा कोणी बदलला नाही एवढं दहा मिनिटांत कळलं, आधी याच गोष्टीला आठवडा जायचा आणि संबंध बिघडायचे ते वेगळंच. पण फॅट का पडली हे चेन सांगू शकत नाही. विचारत गेलो तर निघालं की ऊन वाढलंय, हिरवा चारा संपत आलाय, आणि मुलगा नवीन धार काढायला शिकतोय, शेवटची धार वासराला सोडतो. फॅट सगळ्यात जास्त शेवटच्या धारेतच असते. शिवाय त्यांचं घर लांब, कॅन उभा राहून येतो, साय वर धरते आणि नमुना न ढवळता घेतला की रीडिंग काहीही येऊ शकतं.

ढवळणं ही गोष्ट आपल्या सिस्टीममध्ये कुठेच नव्हती. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून प्लंजर (दूध ढवळायची दांडी) मारल्याशिवाय नमुना नाही. भाऊंची संध्याकाळची फॅट ३.६ आली. किती ढवळण्यामुळे आणि किती धारेमुळे ते सांगता येणार नाही, दोन्ही एकाच दिवशी बदललं.

२३ मार्च

पुढचा टप्पा टँकर. गावातून निघालेल्या दुधाची बेरीज आणि शीतकरण केंद्रावर उतरलेलं दूध यांची जुळणी. तिथला फ्लोमीटर आणि तिथलं फॅट मशीन, दोन्हीला आपली चिप लावायची परवानगी मागितलीये, व्यवस्थापकांनी तोंडी हो म्हटलंय, लेखी यायचंय. लेखी आल्याशिवाय वायर लावायची नाही. तोपर्यंत टँकरच्या चालान नंबराची जागा रेकॉर्डमध्ये करून ठेवतोय, फॉरमॅट आवृत्ती २, जुन्या पावत्या आवृत्ती १ नेच तपासल्या जातील अशी सोय पेजवर झाली. मावशींनी आणखी मोठा फॉन्ट मागितलाय, तो सोमवारच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) जातोय.